बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या पोरापोरींनी डेटा सेंटरच्या लाईनीत कसं शिरायचं

बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियात फाउंड्रीच्या मेंटेनन्सला ज्यांनी काम केलंय त्यांना हे शिकवायला लागत नाही, की इंडक्शन फर्नेस (विजेवर धातू वितळवणारी भट्टी) चालू असताना लाईट गेली तर आधी कुठं पळायचं. मेटलचं नंतर बघू, आधी भट्टीची कॉइल थंड ठेवणारं पाणी. डीजीवरचा (डिझेल जनरेटरवरचा) पंप उचलला नाही किंवा वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला नाही तर आतली उष्णता कॉइल खाऊन टाकते. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन करून तिथं साडेचार वर्षं काढली आणि मग नवी मुंबईला एका डेटा सेंटरमध्ये लागलो. पहिल्याच आठवड्यात सिनियरनं विचारलं, "चिलर ट्रिप झालाय, सर्व्हर सगळे चालू आहेत, तू पहिलं काय बघशील?" चिलर म्हणजे थंडाव्याचं पाणी गार करणारं मशीन, ते ट्रिप झालं म्हणजे बंद पडलं. मला डेटा सेंटरचं काही माहीत नव्हतं, मी फर्नेसचंच उत्तर दिलं, आधी पाणी फिरतंय का ते बघतो. तो म्हणाला बरोबर, पंप चालू असेल तर पाईपातल्या गार पाण्यावर थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात दुसरा चिलर घ्यायचा.

हे सांगायचं कारण असं की आपल्याकडची पोरं डेटा सेंटर म्हटलं की लगेच "ते कॉम्प्युटरवाल्यांचं, आपलं नव्हे" म्हणून बाजूला होतात, आणि तिकडं कंपन्या पॅनेल, डीजी, यूपीएस, चिलर समजणारी माणसं शोधायलेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यात असलं काम हातानं केलेली माणसं भरपूर आहेत. फक्त दार कुठलं आणि आत गेल्यावर वागायचं कसं एवढं कुणीतरी सांगायला पाहिजे, म्हणून हे लिहितोय.

आधी हे काय असतंय ते समजून घ्या

आपण यूपीआयनं पैसे पाठवतो, रेल्वेचं तिकीट काढतो, रील बघतो, ते सगळं कुठंतरी खऱ्या इमारतीत खऱ्या मशीनवर चालतंय, ती इमारत म्हणजे डेटा सेंटर. ती मशीनं म्हणजे सर्व्हर, ते कपाटासारख्या रॅकमध्ये बसवतात, रॅकची उंची यू मध्ये मोजतात, १ यू म्हणजे पावणेदोन इंच आणि नेहमीचा रॅक ४२ यूचा. साधा रॅक ५ ते १० किलोवॅट खातो. आपल्या शेतातली ५ एचपीची मोटर साधारण पावणेचार किलोवॅटची, म्हणजे एका कपाटात दोन-तीन मोटरी सतत चालू आहेत असं समजा. एआयसाठी जे नवीन रॅक यायलेत त्यातले काही तर १०० किलोवॅटच्या वर जातात, म्हणजे एका कपाटात २७-२८ मोटरी! ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती उष्णता चोवीस तास बाहेर काढायला लागते. त्यामुळं या इमारतीत दोनच मोठी कामं, वीज न थांबता द्यायची आणि उष्णता न थांबता काढायची. कॉम्प्युटरचं काम त्याच्यानंतर येतंय.

विजेचा रस्ता असा. बाहेरून एचटी (जास्त व्होल्टेजची) लाईन येते, ट्रान्सफॉर्मरवर उतरते, एलटी (कमी व्होल्टेजच्या) पॅनेलमधून यूपीएसला जाते, तिथून पीडीयू (वीज वाटून देणारं पॅनेल) किंवा बसडक्टमधून (केबलीऐवजी पट्ट्यांची लाईन) रॅकला. प्रत्येक रॅकला दोन फीड, ए आणि बी, एक गेला तरी दुसऱ्यावर सर्व्हर चालू राहतो. बाहेरची लाईट गेली की यूपीएसच्या बॅटऱ्या तेवढ्यापुरता भार घेतात आणि काही सेकंदात डीजी सुरू होऊन वर येतात. हॉलमध्ये बसलेल्या कस्टमरला लाईट गेली होती हे कळतसुद्धा नाही.

थंडाव्याचा रस्ता म्हणजे चिलर, पंप, कूलिंग टॉवर नाहीतर ड्राय कूलर आणि हॉलच्या बाजूला मोठी एसी युनिटं. रॅक समोरासमोर लावून गार हवेची गल्ली आणि गरम हवेची गल्ली वेगळी ठेवतात. सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ डिग्रीच्या मध्ये ठेवायची अशी ॲश्रे या एसी-कूलिंगवाल्या इंजिनियरांच्या संस्थेची शिफारस आहे, त्यामुळं आत फ्रिजसारखं गार असतंय ही समजूत चूक, आणि गरम गल्लीत तर घाम फुटतो.

एन प्लस वन हा शब्द पाठच करून ठेवा. भार उचलायला चार डीजी लागत असतील तर पाच ठेवायचे, हे एन प्लस वन. चाराला पूर्ण चार जादा ठेवले तर टू एन. डेटा सेंटरना दर्जा देणाऱ्या अपटाईम इन्स्टिट्यूटच्या टियर १ ते टियर ४ अशा पायऱ्या आहेत, त्यात टियर ३ ला ९९.९८२ टक्के वेळ चालू हा आकडा सांगतात, वर्षाच्या ८,७६० तासांत फार तर दीडएक तास बंद. टियर ४ ला ९९.९९५, म्हणजे वर्षभरात २६ मिनिटं. आपल्याकडं महिन्यातून एकदा मेंटेनन्सला दिवसभर लाईट जाते त्याच्याशी ताडून बघा, मग या लोकांना मेंटेनन्सवाल्या माणसाची किंमत का आहे ते समजेल.

कामं कुठं आहेत

समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबली मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, बँका आणि शेअर बाजार तिथं, वीजही भरवशाची, म्हणून देशातली बरीच डेटा सेंटरं मुंबई-नवी मुंबईत आहेत. ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा, पनवेलला योट्टाचं २०२० ला सुरू झालेलं, इकडं चांदिवली-पवई. पुण्यात मायक्रोसॉफ्टची अझूर सेवा २०१५ पासून आहे. ॲमेझॉननं मुंबई २०१६ ला आणि हैदराबाद २०२२ ला सुरू केलं, गूगल क्लाउड मुंबईत २०१७ ला आलं. बेंगळूरला व्हाइटफील्डकडं, शिवाय चेन्नई.

आपल्या माणसाचा एक फायदा इथं आहे जो आपण मोजतच नाही. मराठी, कन्नड आणि हिंदी, तिन्ही भाषा आपल्याला बोलता येतात. पुणे-नवी मुंबईच्या साईटवर मराठीत काम होतंय, बेंगळूरच्या साईटवर व्हेंडरच्या पोरांशी कन्नड बोललं की निम्मं काम तिथंच होतंय. पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आत, मुंबई आणि बेंगळूर साधारण पाचशेच्या आसपास, तिन्हीकडं रात्रीच्या बसनं सकाळी पोचता येतं. त्यामुळं एकाच शहरात अर्ज टाकून बसू नका.

तुम्ही कोण आहात त्यावर दार ठरतंय

आयटीआय इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन असाल तर फॅसिलिटी टेक्निशियन, इलेक्ट्रिकल. रेफ्रिजरेशन-एसी ट्रेड असेल तर एचव्हीएसी (एसी आणि कूलिंगचा) टेक्निशियन, आणि माझ्या मते या ट्रेडला पुढं जास्त दिवस चांगले येणार, कारण एआयच्या रॅकना नुसती हवा पुरत नाही, थेट चिपपर्यंत पाणी न्यायला लागतंय, ते काम समजणारे मेकॅनिक फार थोडे आहेत. डिप्लोमा इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना शिफ्ट इंजिनियर किंवा बीएमएस ऑपरेटर. बीएमएस म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचे अलार्म आणि रीडिंग एका स्क्रीनवर बघायची सिस्टीम.

साखर कारखान्यात को-जनला (वीज तयार करणाऱ्या प्लांटला) काम करणाऱ्यांनी हे नीट वाचा. टर्बाइन ग्रीडला सिंक्रोनाइज करणं, व्हीसीबी (एचटीचा ब्रेकर) रॅक-इन रॅक-आउट करणं, रिले बघणं, हे तुम्ही गळीत हंगामात रोज करता. डेटा सेंटरमध्ये डीजी एकमेकांशी सिंक करणं हेच काम आहे, फक्त मशीन वेगळं. हंगाम संपला की घरी बसायचं, पुढच्या हंगामाची वाट बघायची, यापेक्षा बारमाही काम बरं. दूध डेअरीत, कोल्ड स्टोरेजला कॉम्प्रेसर बघणारे आणि मोठ्या हॉस्पिटलात एएचयू (हवा खेळवणारं एसी युनिट), डीजी बघणारे, तुमचंही तसंच.

मराठा लाईट इन्फंट्रीमधून किंवा सिग्नल्स, ईएमई या फौजेच्या कम्युनिकेशन आणि दुरुस्तीच्या दलांमधून रिटायर होऊन आलेले मामा-काका घराघरात आहेत. त्यांना सगळे सिक्युरिटीचंच काम सांगतात, पण ज्यांनी फौजेत जनरेटर, बॅटरी, कम्युनिकेशन बघितलंय त्यांनी ऑपरेशनला अर्ज करावा. शिफ्ट, शिस्त आणि लॉगबुक या तिन्ही गोष्टी त्यांच्या अंगात आधीच असतात.

बीई, बीसीए, बीएस्सीवाल्यांना आयटीची बाजू. सर्व्हर बसवणं, डिस्क-रॅम बदलणं, केबल ओढणं, फायबर साफ करणं हे डेटा सेंटर टेक्निशियनचं काम, आणि नेटवर्कवर नजर ठेवणं हे एनओसीचं (नेटवर्क ऑपरेशन सेंटरचं). सीसीएनए (नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) आणि थोडं लिनक्स येत असेल तर इथं उभं राहता येतं. आम्हाला यात जागा आहे का असं मुलींनी विचारलं होतं म्हणून सांगतो, बीएमएस, एनओसी आणि सर्व्हरच्या कामात मुली आहेत, शिफ्ट लीड पण आहेत, फक्त रात्रपाळीला पिकअप-ड्रॉपची गाडी आहे का हे जॉईन व्हायच्या आधी विचारून घ्यायचं, लाजायचं नाही.

घरी बसून तीन महिन्यांत काय करायचं

महागडा कोर्स आधी लावू नका. डेटा सेंटरचे दोन-तीन दिवसांचे सर्टिफिकेट कोर्स असतात, सीडीसीपी वगैरे, ते चांगले आहेत पण अनुभव नसताना घरचे पैसे घालून करायचे नव्हेत, नोकरी लागल्यावर बरेचदा कंपनीच करून देते. श्नायडर इलेक्ट्रिकचे ऑनलाईन डेटा सेंटर कोर्स आहेत, फुकट, इंग्रजी सोपं आहे, एकेक तासाचे धडे. पॉवर, कूलिंग, रॅक, आग विझवणं, एवढे धडे पुरे.

पहिल्या महिन्यात वहीत सिंगल लाईन डायग्राम काढायला शिका. आत्ता जिथं काम करता तिथलाच काढा, हेस्कॉमच्या मीटरपासून शेवटच्या मोटरपर्यंत, कुठं कुठला ब्रेकर, किती अँपिअर, केबल किती स्क्वेअर एमएमची. ज्याला स्वतःच्या वर्कशॉपचा डायग्राम काढता येतो त्याला इंटरव्ह्यूत कुणी अडवत नाही, हे मी आता पोरं घेताना रोज बघतोय.

दुसऱ्या महिन्यात हिशोब. तीन-चारच आहेत. केव्हीए आणि किलोवॅटमधला फरक पॉवर फॅक्टरनं, केव्हीए गुणिले पॉवर फॅक्टर म्हणजे किलोवॅट. एक टन एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता, म्हणजे १,००० किलोवॅटच्या सर्व्हरला सुमारे २८५ टन कूलिंग पाहिजे. पीयूई म्हणजे अख्ख्या बिल्डिंगची वीज भागिले सर्व्हरची वीज, बिल्डिंग १,५०० घेत्येय आणि सर्व्हर १,००० तर पीयूई १.५, हा आकडा १ च्या जेवढा जवळ तेवढं चांगलं. बॅटरीवर किती मिनिटं चालेल, डिझेल किती तास पुरेल, हे पण काढून बघा.

तिसऱ्या महिन्यात इंग्रजी, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय. आपण मराठी नाहीतर कन्नड मीडियमला शिकलेलो, फाडफाड इंग्रजी बोलायची इथं गरज नाही, पण लिहायला लागतंय. शिफ्टचा रिपोर्ट, अलार्मची नोंद, व्हेंडरला मेल. रोज संध्याकाळी तीन ओळी लिहा, किती वाजता काय झालं, मी काय केलं, आत्ता काय स्थिती आहे. तीन महिने असं लिहिलं की हात बसतो. मी आमच्या खोलीवर भिंतीला वही टांगून हे केलं, सुरुवातीला एका ओळीला पंधरा मिनिटं लागायची.

अर्ज, बायोडाटा आणि फसवणूक

बायोडाट्यात "हार्ड वर्किंग, ऑनेस्ट" असलं भरू नका. आकडे लिहा. किती केव्हीएचे किती डीजी बघितले, कुठल्या प्रकारचे ब्रेकर हाताळले, किती टनाचा प्लांट होता, आठवड्याचं-महिन्याचं काय मेंटेनन्स स्वतः केलं. एक पान पुरे.

थेट मोठ्या कंपनीच्या नावावर नोकरी पहिल्या वेळी क्वचित लागते. बऱ्याच साईटवर ऑपरेशनची माणसं फॅसिलिटी मॅनेजमेंट कंपनीच्या किंवा कॉन्ट्रॅक्टरच्या पगारावर असतात, तिथून सुरुवात झाली तरी कमीपणा मानू नका, साईट कुठली ते बघा. डीजी, यूपीएस, चिलर बनवणाऱ्या कंपन्यांच्या सर्व्हिस टीममध्ये लागलात तर आणखी चांगलं, कारण दहा वेगवेगळी डेटा सेंटरं आतून बघायला मिळतात. नुकतंच आयटीआय झालेल्यांनी सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर प्रोफाईल भरा, डिप्लोमा-डिग्रीवाल्यांसाठी नॅट्स हे अप्रेंटिसशिपचं पोर्टल वेगळं आहे. पगार विचारताना हातात किती, पीएफ कापतात का, पेरोल कुणाचा (पगार कुठल्या कंपनीच्या नावावर), शिफ्ट आठ तासांची की बाराची, हे चार प्रश्न विचारा आणि ऑफर लेटरवर बघा. सुपरवायझर परमिट किंवा वायरमन परमिट राज्य सरकार देतं, आपल्याकडं कर्नाटकाचं असतंय, महाराष्ट्रातल्या साईटवर ते चालतंय का हे आधीच एचआरला लेखी विचारून ठेवा.

आणि रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्म डिपॉझिट, ट्रेनिंग चार्ज असं सांगून कुणी पैसे मागितले तर तिथंच थांबा. आमच्या गावातल्या दोन पोरांनी एका एजंटला असेच पैसे दिले, एकाच्या आईनं बोरमाळ गहाण ठेवली होती. नोकरी नव्हतीच. खरी कंपनी पैसे मागत नाही.

आत गेल्यावर पहिले सहा महिने

इथं आपली माणसं चुकतात, म्हणून थोडं लांबवतोय. वर्कशॉपमध्ये जो पटकन हात घालून मशीन चालू करतो तो हुशार. "हात लावून बघ की" हे आपण लहानपणापासून ऐकलंय. डेटा सेंटरमध्ये न विचारता हात लावणं हाच सगळ्यात मोठा गुन्हा. प्रत्येक कामाचा कागद असतो, एमओपी म्हणतात, पायरी एक, पायरी दोन, कोण करणार, कोण बघणार, चुकलं तर परत कसं यायचं. ब्रेकर उघडायच्या आधी एकानं मोठ्यानं नाव आणि नंबर वाचायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा, मग हात. बंद केलेल्या ब्रेकरला स्वतःचं कुलूप आणि टॅग लावायचा आणि चावी स्वतःच्याच खिशात, मित्र म्हणाला म्हणून द्यायची नाही. त्यात जीव असतो एखाद्याचा.

माझ्याकडून काय झालं ते सांगतो. चौथ्या महिन्यात पहाटे साडेतीनला एका एसी युनिटखाली पाणी गळतीचा अलार्म आला. मी जाऊन बघितलं, फरशी कोरडी दिसली, सेन्सरचाच घोटाळा असेल म्हणून अलार्म ॲक्नॉलेज केला आणि लॉगमध्ये लिहिलं नाही. सकाळच्या शिफ्टला काहीच कळलं नाही. दुपारपर्यंत रेझ्ड फ्लोअरच्या (उचलून बसवलेल्या फरशीच्या) खाली पाणी केबल ट्रेपर्यंत पोचलं होतं. कस्टमरचं काही बंद पडलं नाही, पण थोडक्यात वाचलं. चौकशीत मी खरं सांगितलं, चुकलं माझं, लिहिलं नाही. नोकरी गेली नाही, कारण मी लपवलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या शिफ्टला येणाऱ्या प्रत्येक नवीन पोराला मी पहिलं हेच सांगतो, की दिसलं ते लिही, कोरडं दिसलं तर कोरडं दिसलं असं लिही, आणि येत नसेल तर येत नाही म्हण.

रात्रपाळीचं शरीराला जड जातं, पहिले दोन महिने झोप लागत नाही. खोलीला जाड पडदा लावा, रात्री तीननंतर चहा नको, आणि गणपती-दिवाळीची रजा दोन महिने आधी रोस्टरवाल्याला सांगून ठेवा. सगळ्यांनाच चतुर्थीला गावी यायचं असतंय, त्यामुळं एक वर्ष गणपती आणि एक वर्ष दिवाळी अशी वाटणी आमच्यात आहे.

पुढची वाट म्हणजे टेक्निशियन, मग शिफ्ट इंजिनियर, शिफ्ट लीड, मग फॅसिलिटी मॅनेजर. ज्यांना फिरायची आवड त्यांनी कमिशनिंगकडं वळावं, नवीन डेटा सेंटर सुरू व्हायच्या आधी लोड बँक (तपासणीपुरता खोटा भार देणारं मशीन) लावून, मुद्दाम लाईट घालवून सगळं तपासतात ते काम. आयटीआयवाल्यांनी नोकरी करत डिप्लोमा पूर्ण करावा, मी केला, वरच्या जागांना तो कागद लागतोच.

वर्कशॉपवाले आणि शिकवणारे सर, तुमच्यासाठी थोडं

बेळगावात व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय १९९८ पासून आहे, इंजिनियरिंग कॉलेजं, पॉलिटेक्निक, जीटीटीसी (सरकारी टूल रूम आणि ट्रेनिंग सेंटर), आयटीआय सगळं आहे. डेटा सेंटरचं काम शिकवायला वेगळी इमारत बांधायची गरज नाही. एक जुना यूपीएस, चार बॅटऱ्या, एक एटीएस पॅनेल (लाईट गेली की आपोआप दुसऱ्या सप्लायवर नेणारं), भंगारात मिळणारा रॅक आणि दोन जुने सर्व्हर एवढ्यावर पोरांना लाईट घालवून, परत आणून, लॉग लिहायला लावता येतो. शनिवारी दोन तास. उद्यमबागेतल्या मालकांनी आपल्या डीजीची महिन्याची टेस्ट असते तेव्हा आयटीआयची दहा पोरं उभी करून दाखवली तरी खूप झालं. माणूस शिकून निघून जाईल ही भीती मालकांना असते, मला कळतं, पण शिकलेला माणूस आहे तोवर तुमचं ब्रेकडाउनही कमी होतंय, आणि जो गेला तो पुढचा पोरगा शिकवून जाईल असं आधीच ठरवून घेता येतं. मी जाताना दोघांना तयार करून गेलो, त्यातला एक अजून तिथंच हेड आहे.

आणि बाहेर असलेल्यांनी आपल्या साईटला जागा निघाली की गावच्या ग्रुपवर टाकायचं. कंपन्या रेफरल घेतात. पण कामाला लागेल असाच माणूस द्या, एक चुकीचा दिला तर पुढच्या पाचांचं दार बंद होतंय.

शेवटचं काम आत्ताच करून ठेवा, कारण यात आपली पोरं नोकरी लागल्यावर अडकतात. डेटा सेंटरमध्ये बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन कडक असतंय. आपल्याकडं शाळेच्या दाखल्यावर नाव कन्नडमध्ये, त्यावरून इंग्रजीत करताना गावडेचं स्पेलिंग एकीकडं डब्ल्यूनं आणि दुसरीकडं व्हीनं, मार्कशीटवर वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर, आधारवर पूर्ण नाव, जुन्या कागदावर बेळगाव आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदावर बेळगावी. गावाच्या नावाचं कंपनीला समजावता येतं, माणसाच्या नावाचं अवघड जातं. आधार, पॅन, दहावीची मार्कशीट, आयटीआयचं सर्टिफिकेट आणि बँक पासबुक पाचही समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा, दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच बाकीच्यावर करून घ्या. दुरुस्तीला किती दिवस लागतील सांगता येत नाही आणि ऑफर लेटर आल्यावर कंपनी थोडेच दिवस थांबते.